पिकअपची हवा मागून सुधारा

पिकअपचा हवेचा अवरोध कमी करायचा म्हटलं की बहुतेकांचे डोळे आधी बंपर आणि बॉनेटकडे जातात. माझं म्हणणं उलट आहे. गाडीचं तोंड कारखान्यातूनच बऱ्यापैकी गोलसर येतं आणि घरच्या हत्यारांनी तिथे मिळवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. खरी नासाडी केबिनच्या मागे होते. छपरावरून शिस्तीत आलेल्या हवेला पुढे टेकायला काही नसतं, खाली माल ठेवायचा उघडा हौदा असतो, आणि तिथे तयार होणारा कमी दाबाचा पट्टा गाडीला सतत मागे खेचत राहतो. म्हणून इथे निम्मी जागा मी हौद्याच्या झाकणाला देणार आहे. बाकीचं थोडक्यात.

आधी हिशेब, म्हणजे मेहनत कुठे घालायची ते कळेल. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पिकअपचा अवरोध गुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा आकडा, साधारण ०.४ च्या आसपास असतो, चांगल्या सेडानचा ०.२५ ते ०.३०. शिवाय पिकअप समोरून मोठी दिसते, सुमारे ३ चौरस मीटर. गुणांक ०.४२ धरला तर ताशी १०० किमी वेगाला हवा जवळपास ५८० न्यूटन जोराने गाडीला रेटते, आणि त्यात १६ किलोवॅट शक्ती जाते. ताशी ८० किमीला हीच शक्ती ८ किलोवॅटच्या आसपास येते, म्हणजे निम्मी. तेव्हा तुमची गाडी दिवसभर गावातच ३०-४० च्या वेगाने फिरत असेल, तर यातलं काही करू नका. टायरमध्ये हवा नीट ठेवा, नको असलेलं वजन उतरवा, तेवढं पुरे. रोज लांबचा मोकळा रस्ता कापणाऱ्यांसाठी मात्र ही मेहनत सोन्याची आहे. सरळ रस्त्यावर अवरोध १० टक्के उतरला की इंधनात ढोबळमानाने ५ टक्क्यांचा फरक पडतो.

गाडीच्या बाह्यरूपात बदल करण्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. तुमच्याकडचे नियम आणि विम्याच्या अटी आधी वाचून घ्या. आरसे, दिवे, नंबरप्लेट, परावर्तक पट्ट्या यांतलं काहीही काढायचं किंवा झाकायचं नाही. आरसे काढले की अवरोध कमी होतो हे खरं, पण मागचं न दिसणारी गाडी रस्त्यावर आणायची नाही.

मोजल्याशिवाय हात लावू नका

पंपावर टाकी भरून काढलेलं मायलेज इथे फारसं कामाचं नाही. वारा, ट्रॅफिक, पाय, तापमान, सगळं त्यात मिसळतं. नुसत्या तापमानाचा परिणाम बघा: शून्य अंशाला एक घनमीटर हवा १.२९ किलो भरते, ३० अंशाला १.१६. म्हणजे गाडीला काहीही न करता थंडी आणि उन्हाळ्यातल्या आकड्यांत १० टक्क्यांचा फरक पडतो.

त्यापेक्षा गाडी न्यूट्रलमध्ये सोडून वेग किती सेकंदांत उतरतो ते मोजा. सपाट, सरळ, रिकामा रस्ता आणि वारा पडलेली पहाट निवडा. आधी अर्धा तास गाडी चालवून टायर आणि गिअरबॉक्समधलं तेल गरम करा. मग वेग १०० च्या थोडा वर नेऊन न्यूट्रल करा आणि १०० ते ७० हा उतार किती वेळात होतो ते शेजारच्याला मोजायला सांगा. इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रलबद्दल हँडबुकात काय म्हटलंय ते आधी बघा. मग त्याच तुकड्यावर उलट्या दिशेने तेच करा. दोन्ही दिशा हव्यातच, कारण डोळ्याला न दिसणारा एक टक्का चढसुद्धा २ टनांच्या गाडीला जवळपास २०० न्यूटनने धरून ठेवतो, आणि टायरचं घर्षणही साधारण तेवढंच असतं.

अशा गाडीला १०० वरून ७० वर यायला हिशेबाने २७ सेकंदांच्या आसपास लागतात. अवरोध १० टक्के कमी झाला तर सुमारे २ सेकंद जास्त. फरक लहान आहे, पण चार-पाच फेऱ्यांची सरासरी घेतली तर स्टॉपवॉचमध्ये स्वच्छ दिसतो. आणि तुलना एकाच सकाळी करा: झाकण लावून, झाकण काढून, पुन्हा झाकण लावून. पहिले आणि तिसरे आकडे जुळले तरच मधल्या फरकावर विश्वास ठेवायचा.

दुसरं साधन म्हणजे लोकर. गडद रंगाच्या लोकरीचे ८-१० सेंटिमीटरचे तुकडे करून छप्पर, केबिनची मागची काच, हौद्याच्या कडा आणि फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या दारावर) वीतभर अंतराने चिकटपट्टीने लावा. मग कुणालातरी गाडी चालवायला द्या आणि दुसऱ्या गाडीतून शेजारून चित्रीकरण करा. आमच्याकडे गाडी दादा चालवतो आणि मी शेजारच्या गाडीतून बघते. छपरावरचे धागे विंचरल्यासारखे सरळ मागे झोपलेले असतात. छपराच्या मागच्या कडेपाशी ते थरथरू लागतात, आणि कडेच्या खाली, काचेवरचे धागे चक्क वर आणि पुढे वळतात. म्हणजे तिथे हवा उलटी वाहतेय. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं काम कशासाठी ते वेगळं समजवावं लागत नाही.

आधी काढायचं ते काढा

छपरावरचा रिकामा कॅरिअर, लाइटचा आडवा बार, खिडक्यांवरचे बाहेर आलेले पावसाळी पत्रे, उंच अँटेना, हौद्यावरचा रिकामा सांगाडा. गोल दांडी बारीक दिसते म्हणून सोडून देऊ नका. हवेला गोल पाइप फार वाईट, आपल्या जाडीच्या मानाने कितीतरी जास्त अवरोध करतो. चाकांमागचे मडफ्लॅप टायरपेक्षा रुंद असतील तर टायरच्या रुंदीइतके कापा. गाडी उंच करायचं किट किंवा जाड खाचांचे रुंद टायर लावलेले असतील, तर त्यांनी वाढवलेला अवरोध खालच्या कुठल्याही उपायाने पुरता भरून निघणार नाही.

फाळक्याबद्दल एकदाचं सांगून टाकते. फाळका पाडून चालवलं की हवा मोकळी जाते आणि इंधन वाचतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा अडकून फिरत राहतो, आणि छपरावरून आलेली हवा त्या भोवऱ्यावरून घसरत फाळक्याच्या वरच्या कडेपर्यंत जाते. फाळका पाडला की भोवरा मोडतो आणि केबिनमागची ओढ वाढते. वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांतही हेच दिसलेलं आहे. फाळका बंद ठेवा.

सपाट झाकण की उतरतं छप्पर

हौद्याच्या कडांच्या पातळीवर ताणून बसवलेलं सपाट झाकण हा सगळ्यात सोपा बदल. फायदा थोडका, काही टक्क्यांचा, पण खात्रीचा. ताडपत्री वापरली तर ती ढोलकीच्या पानासारखी ताणलेली हवी. फडफडणारी ताडपत्री मिळवलेलं सगळं घालवते. वारंवार उंच माल भरत असाल तर इथेच थांबा.

उतरतं छप्पर म्हणजे केबिनच्या छपरापासून फाळक्याकडे हळूहळू उतरत जाणारं झाकण. यात काम खूप, पण पिकअपला घरी मिळू शकणारा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. सगळा खेळ कोनाचा आहे. उतार सौम्य असेल तर हवा त्याला चिकटून खाली येते. तीव्र केला की हवा पृष्ठभाग सोडते आणि मूळचाच प्रकार पुन्हा सुरू होतो, वर झाकणाचं वजन. मी १२ अंश ही मर्यादा पाळते. १५ च्या पुढे जाऊच नका.

आता मापं घ्या. समजा हौदा दीड मीटर लांब आहे आणि केबिनचं छप्पर हौद्याच्या कडेपेक्षा ६० सेंटिमीटर उंच. छपरापासून फाळक्याच्या कडेपर्यंत सरळ रेषा काढली तर कोन २२ अंश येतो. दिसायला ती रेषा सुरेख, हवेला निरुपयोगी. त्याऐवजी पहिले ४० सेंटिमीटर ५ अंशांनी उतरवा आणि उरलेले ११० सेंटिमीटर १२ अंशांनी. एकूण उतार २७ सेंटिमीटरच्या आसपास होतो, म्हणजे फाळक्याच्या वर ३३ सेंटिमीटरची उभी भिंत उरते. ती उरू द्या. १९३० च्या दशकात जर्मन अभियंता वुनिबाल्ड कॅम यांच्या कामातून हेच पुढे आलं: शेपूट टोकापर्यंत निमुळती करण्याइतकी जागा नसेल, तर सौम्य उतार ठेवून ती मध्येच सरळ कापावी. बराचसा फायदा तेवढ्यात पदरात पडतो.

बाजूच्या भिंतीही मागे जाताना आत घ्या, दोन्हीकडून ५-६ अंश. दीड मीटरमध्ये प्रत्येक बाजू सुमारे १५ सेंटिमीटर आत येते. सुरुवात केबिनच्या काचांच्या रेषेपासून करा, हौद्याच्या बाहेरच्या कडेपासून नाही. नाहीतर केबिनच्या बाजूने आलेल्या हवेसमोर एक पायरी उभी राहते.

कडांचा नियम पक्का लक्षात ठेवा: हवा जिथे भेटते ती कड गोल, जिथे सोडून जाते ती धारदार. नासाच्या ड्रायडन केंद्रात १९७० च्या दशकात एका खोकेवजा व्हॅनवर चाचण्या झाल्या. उभ्या कडा गोल केल्यावर अवरोध ४० टक्के उतरला, आडव्याही गोल केल्यावर ५४ टक्के. म्हणून झाकणाचं छप्पर आणि बाजू जिथे जुळतात ती लांब कड गोलसर करा. पण अगदी मागची, फाळक्यावरची कड मुद्दाम सरळ आणि टोकदार ठेवा. तिथे गोलाई दिली तर हवा त्या वळणाला धरून थोडी आत वळते आणि वेडीवाकडी सुटते.

बांधणी

जमिनीवर खडूने झाकणाचा बाजूने दिसणारा पूर्ण मापाचा छेद काढा. वक्र रेषेसाठी ठराविक अंतरावर खिळे ठोकून त्यांना टेकवून प्लॅस्टिकची लवचिक पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने रेघ मारा. हाताने काढलेल्या वक्रात नेहमी कुठेतरी पोक राहतं, पट्टीत राहत नाही. त्या रेघेवरून १२ मिलिमीटर प्लायच्या तीन बरगड्या जिगसॉने कापा, एक मधली आणि दोन कडेच्या. त्यांना आडव्या जोडायला २५ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप. प्लायच्या कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्या, कारण ओल तिथूनच शिरते.

पहिलं आच्छादन कायमचं करू नका. पाट्यांसाठी वापरतात ती ४-५ मिलिमीटरची पोकळ नळ्यांची प्लॅस्टिक शीट घ्या. नळ्या गाडीच्या आडव्या यायला हव्यात, तरच शीट उताराच्या वक्राला सहज वाकते. नळ्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर ती अडून बसते आणि शेवटी मोडते. जिथे काटकोनात दुमडायची तिथे ब्लेडने फक्त आतला पापुद्रा चिरा, बाहेरचा शाबूत ठेवा. नळ्यांची तोंडं पट्टीने बंद करा, नाहीतर पाणी भरतं.

ही शीट उन्हात बरीच ताणते. दीड मीटर लांबी असेल तर ४० अंशांच्या फरकात ६-७ मिलिमीटर सहज. म्हणून मधलं एक छिद्र मापाचं, बाकीची लांबट. स्क्रूच्या डोक्याखाली ३० मिलिमीटरचा रुंद वॉशर हवाच. लहान डोकं वाऱ्याच्या ओढीने शीटमधून आरपार निघतं.

ही ओढ कमी समजू नका. ताशी १०० किमीला वाऱ्याचा दाब ४६० पास्कलच्या घरात असतो, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो. उतरत्या छपरावर त्याच्या निम्म्याने जरी वर खेच बसली, तरी २ चौरस मीटरचं झाकण ४७ किलोच्या जोराने उचललं जातं. समोरून मोठा ट्रक गेला की वर झटका बसतो तो वेगळा. त्यामुळे झाकण नुसतं टेकवून, दोरीने बांधून चालणार नाही. हौद्याच्या कडांना प्रत्येक बाजूला तीन जाड क्लॅम्प, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असल्याने आपोआप सैल न होणारे), आणि शिवाय आतून हौद्याच्या हुकांना जोडलेले दोन पट्टे. माल भरण्यासाठी मागचा भाग उघडता हवा असेल तर बिजागऱ्या पुढच्या बाजूला घ्या. खिटी सुटली तरी वारा तो भाग उपटून मागच्या गाडीवर फेकणार नाही.

केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खड्ड्यात एकमेकांच्या विरुद्ध पिळतात. झाकण केबिनला कधीही बोल्टने जोडू नका. पत्रा तरी फाटेल, काच तरी तडकेल. २-३ सेंटिमीटरची फट सोडा आणि तिच्यात दरवाज्याला लावतात तसं पोकळ रबरी बीडिंग बसवा. केबिनकडे ते फक्त टेकलं पाहिजे.

केबिनच्या मागे वर ब्रेकचा तिसरा दिवा असेल तर तो झाकणामागे जातो. तसाच दिवा झाकणाच्या मागच्या उभ्या भिंतीवर बसवून वायर जोडून घ्या. त्याच भिंतीत पारदर्शक अॅक्रिलिकची खिडकी ठेवली तर आतल्या आरशातून मागचं दिसतं. झाकलेल्या हौद्यात माणसं किंवा जनावरं बसवायची नाहीत. गाडीमागच्या कमी दाबाच्या पट्ट्यात एक्झॉस्टचा धूर घोटाळतो आणि फटींतून आत येतो. केबिनची मागची सरकती काचही बंदच ठेवा.

धागे लावून, सेकंद मोजून आकार पटला की मगच कायमचं आच्छादन घाला. मला ३ मिलिमीटरची एसीपी शीट (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांत प्लॅस्टिक) आवडते. चौरस मीटरला ४-५ किलो वजन, गुळगुळीत, आणि आतून खाच पाडली की कड सुबक वळते. पत्राही चालतो, पण तो मधल्या आधाराशिवाय गुणगुणतो.

खालून, पुढून आणि चाकं

पुढच्या बंपरखाली रबरी पट्टा लावा, गाडीखालच्या खडबडीत भागांत हवा कमी शिरते. त्याची खालची कड गाडीच्या खालच्या सगळ्यात लोंबत्या भागाच्या रेषेत ठेवा. त्याहून खाली नेला तर समोरचं क्षेत्रफळ वाढून फायदा उलटतो. लवचिक पट्टाच घ्या, उंबरठ्याला घासून वाकला पाहिजे.

पोट झाकायचं असेल तर बंपरपासून पुढच्या अॅक्सलपर्यंतचा भाग आधी करा. पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्या पत्र्याच्या खाली यावी, म्हणजे सांध्यात हवा घुसत नाही. एक्झॉस्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डिझेलच्या कण-गाळणीजवळ प्लॅस्टिक अजिबात नको. ती गाळणी स्वतःला जाळून साफ करते तेव्हा ६०० अंशांच्या आसपास तापते. तो सगळा पट्टा उघडाच ठेवा. तेल बदलण्याच्या बोल्टापाशी झडप आणि सखल जागी पाणी निघायला छिद्रं करा.

समोरच्या जाळीतून गरजेपेक्षा जास्त हवा आत जाते हे बऱ्याच गाड्यांत खरं आहे, म्हणून तर कारखानेच आता आपोआप मिटणाऱ्या झडपा देऊ लागले आहेत. एकेक आडवी पट्टी झाकत जा आणि प्रत्येक वेळी लांब चढावर इंजिनाचं तापमान बघा. नुसत्या डॅशवरच्या काट्यावर जाऊ नका, तो बराच वेळ मध्येच बसून राहतो. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची जोडणी) रीडर लावून अंशांत आकडा वाचा. इंटरकूलर आणि एसीच्या कंडेन्सरसमोरची जागा मोकळी सोडा. ट्रेलर ओढताना किंवा कडक उन्हाळ्यात पट्ट्या काढून ठेवा.

चाकांवर सपाट चकत्या मी फक्त मागे लावते. पुढच्या ब्रेकवर उतरणीचा जास्त भार येतो, त्यांना हवा हवी.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. वॉशरभोवती पांढरट चरे दिसले तर ते छिद्र घट्ट झालंय, लांबट करा. बीडिंग एका बाजूने झिजलेलं दिसलं तर झाकण केबिनला घासतंय. क्लॅम्प सैल करून झाकण सेंटिमीटरभर मागे सरकवा आणि पुन्हा बसवा. प्लॅस्टिकची शीट लावली असेल तर दर ऋतूला नखाने दाबून बघा. उन्हाने ठिसूळ झालेली शीट कडकड वाजते आणि तडा जातो, ती त्याच दिवशी बदला.